नाशिक ते नांदूर मधमेश्वर: हायवे टाळून गोदाकाठच्या मुरमाने सायकल, कुठला काठ धरावा?

शिवारवाट

नाशिकहून नांदूर मधमेश्वरला सायकलने जायचे म्हटले की छत्रपती संभाजीनगर रस्ताच समोर येतो. उसाच्या ट्रॉल्या, एसटी, कांद्याचे ट्रक, सगळे त्याच रस्त्याने. गोदावरी मात्र त्या रस्त्याला धरूनच वाहते. नदी आणि डांबर यांच्या मधल्या पट्ट्यात पाणंद, शिवरस्ते आणि गाडीवाटा आहेत, आणि त्यांवर दिवसभरात चार दुचाक्या आणि दोन ट्रॅक्टर भेटले तर भेटले.

तपोवनापासून नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापर्यंत मुरूम जास्तीत जास्त आणि डांबर कमीत कमी, असा मार्ग जोडायचा आहे. माझे मत डाव्या काठाचे. डावा म्हणजे प्रवाहाकडे तोंड केल्यावर डाव्या हाताचा, इथे उत्तरेचा. कारण साधे आहे: उजव्या काठाने गेलात की सायखेड्याच्या अलीकडे दारणा आडवी येते. तिचा संगम दारणा सांगवीजवळ. पूल गाठायला नदी सोडून आत जावे लागते आणि मोठ्या रस्त्यावर यावे लागते. डाव्या काठाला तेवढी मोठी उपनदी थेट कादवाच, आणि ती बंधाऱ्यापाशीच येऊन मिळते.

प्रश्न तीन. काठ कुठला? टायर किती रुंद, हवा किती? आणि वाटेत इतिहासाचे काय बघण्यासारखे आहे, जिथे थांबायला खरेच अर्थ आहे?

एकलहरेकर

काठाबाबत असहमत. दसक-पंचकपासून एकलहऱ्याकडे जाणारा उजवा काठ नाशिकरोडकरांना दारातून सुरू करता येतो. तपोवनात यायचे म्हणजे आधी शहर पार करा, सगळा ट्रॅफिक तिथेच. शिवाय रेल्वे दोन्ही काठांना ओलांडावीच लागते, कारण लाइन नाशिकरोडकडून येऊन नदीवरून पलीकडे ओढ्याला जाते. त्यामुळे डावा काठ विनाअडथळा आहे असे नाही.

एक मान्य: एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या आसपास जड वाहने असतात आणि खडी त्यांच्या चाकांनी कडेला फेकली जाते. तेवढा भाग रविवारी सकाळी उरकावा.

शिवारवाट

@एकलहरेकर, रेल्वेचा मुद्दा बरोबर, तो लिहायला हवा होता. लाइन फक्त फाटकातून किंवा खालच्या मोरीतून ओलांडायची. सायकल खांद्यावर घेऊन रुळांवरून जाणे हा गुन्हा आहे आणि जिवाशी खेळ आहे. मोरीत पावसानंतर पाणी साचते, तळाला गाळ असतो. तळ दिसत नसेल तर उतरून कडेने ढकलत न्या.

गावनकाशा

मार्ग जोडताना सॅटेलाइटच्या चित्रावर भरवसा ठेवू नका. चित्रात रस्ता दिसतो, जागेवर गेल्यावर कळते की तो कुणाच्या द्राक्षबागेतला फवारणीच्या ट्रॅक्टरचा पट्टा आहे आणि शेवटी विहीर.

त्यापेक्षा त्या त्या गावाचा गावनकाशा बघा. त्यात दुबार तुटक रेषा म्हणजे ग्रामीण गाडीमार्ग, त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. या दोन्हींवरून जाण्याचा हक्क सगळ्यांचा. नकाशात रेषाच नाही पण जमिनीवर चाकोरी आहे, तर ती बहुतेक खासगी वाट. तिथे बांधावर माणूस दिसला तर विचारायचे, "काका, इकडून पुढे रस्ता निघतो का?" नव्वद टक्के वेळा रस्ताही कळतो आणि तो कुठे खचला आहे तेही.

दोन गावांच्या शिवेवरचे रस्ते सायकलला सर्वांत चांगले. त्यांच्यावर घरे नसतात म्हणून कुत्री कमी, आणि दोन्हीकडच्या शेतांत जायची तीच वाट म्हणून मुरूम पडलेला असतो. नकाशावर रेषा असूनही जागेवर नांगरून टाकलेला शिवरस्ता मात्र भेटतो. तिथे पिकातून सायकल घालू नका. अतिक्रमणाचा वाद तहसीलदाराकडे चालवायचा असतो, चाकाने नाही.

चाळीसएमएम

टायरकडे येतो.

रस्त्याचा पोत तीन प्रकारचा आहे. दाबलेला मुरूम, सुटी खडी, आणि काळी माती. मुरमावर ३५ मिमी पुरते. सुट्या खडीवर ४० ते ४५. काळ्या मातीवर रुंदीपेक्षा फटीला महत्त्व: टायर आणि फोर्क (चाक धरणारा दुभागी दांडा) यांच्यात दोन्ही बाजूंना किमान ६ मिमी मोकळे हवेत, नाहीतर माती अडकून चाक जाम होते. म्हणून ४५ बसते म्हणून ४५ लावू नका. फ्रेममध्ये ४५ची जागा असेल तर ४० लावा.

हवा, साधारण ७५ किलोच्या माणसाला, सामान धरून:

७०० × ४०, ट्यूबलेस: पुढे ३२, मागे ३५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक).
७०० × ४०, ट्यूबसह: पुढे ३८, मागे ४२.
७०० × ३५, ट्यूबसह: पुढे ४८, मागे ५२.
एमटीबी (डोंगरी सायकल) २.१ इंच, ट्यूबसह: पुढे २८, मागे ३२.

दर पाच किलो वजनामागे दीड-दोन पीएसआय वर किंवा खाली. ट्यूबमध्ये हवा यापेक्षा कमी केली तर दगडावर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चिमटते आणि साप चावल्यासारखी शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. तशी दोन भोके दिसली तर काटा शोधत बसू नका, हवा वाढवा. आणि पंपाच्या काट्यावर अवलंबून असाल तर दर वेळी तोच पंप वापरा. दोन पंपांच्या काट्यांत पाच पीएसआयचा फरक सहज निघतो.

हायब्रिडताई

माहिती छान, पण नव्या लोकांना वाटेल की ट्यूबलेस नसेल तर घरीच बसायचे. तसे नाही. साध्या हायब्रिडमध्ये बहुतेक वेळा ७०० × ३८ किंवा ४० बसते, आणि ट्यूबने हा सगळा मार्ग होतो. फक्त काट्यांचा हिशोब मांडावा लागतो.

इथला खरा शत्रू खडी नाही, बाभूळ आहे. हिवाळ्यात शेताच्या तोंडाला कुंपण म्हणून बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या टाकतात, शेळ्यांसाठी फांद्या तोडतात, त्यांचे तुकडे कडेला पडून राहतात. म्हणून रस्त्याच्या कडेने नव्हे, ट्रॅक्टरच्या चाकोरीतून चालवा. तिथले काटे आधीच चिरडलेले असतात. पाऊस संपल्यावर दिवाळीपर्यंत सराटे. ते एका वेळी पाच-सहा घुसतात आणि सगळे बारीक.

पंक्चर काढताना ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा किंवा पातळ फडके फिरवा. जिथे धागा अडकला तिथे काट्याचे टोक. बोटाने चाचपाल तर बोटातच जाईल. टोक बाहेरून निघत नसेल तर आतून नेलकटरने ओढा. हे न करता नवी ट्यूब टाकली की पाचशे मीटरवर परत तेच.

सोबत दोन ट्यूब, पॅचचा डबा, आणि सोल्युशनची न उघडलेली ट्यूब. एकदा उघडलेली नळी उन्हाळ्यात आतून सुकते, बाहेरून मात्र भरलेली वाटते. पॅच लावताना सोल्युशन पसरून चार-पाच मिनिटे हात लावू नका. ओले असताना पॅच दाबला तर तो चिकटत नाही, सरकतो. निम्मे फसलेले पॅच याच घाईतले.

चाळीसएमएम

@हायब्रिडताई, पूर्ण सहमत. ट्यूबलेस लागतेच असे नाही. फक्त ज्यांच्याकडे आहे त्यांच्यासाठी दोन गोष्टी.

७०० × ४०ला प्रत्येक चाकात ६० ते ८० मिली सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव). नाशिकच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात ते आटते, म्हणून दर दोन महिन्यांनी व्हॉल्व्हचा गाभा काढून काडी घालून बघा. काडी ओली आली नाही तर ३०-४० मिली भर घाला. दुसरे: काटा दिसला की उपटायचा, भोक लगेच जमिनीच्या बाजूला आणायचे, म्हणजे सीलंट तिथे साचते. वीस-तीस सेकंदांत बंद होते. नाही झाले तर रबरी पट्टीचा प्लग. टायरची बाजूची भिंत फाटली तर प्लग टिकत नाही. तिथे आतून जुन्या टायरचा सहा-सात सेंटिमीटरचा तुकडा लावून ट्यूब टाकायची. हा तुकडा खोगिराखालच्या पिशवीत असू द्या, वजन काहीच नाही.

मुरूममास्तर

काळ्या मातीचे कुणी नीट लिहिले नाही म्हणून लिहितो. ही माती पाणी प्यायली की फुगते, चिकट होते आणि टायरला थरावर थर बसतात. शंभर मीटरमध्ये चाक फिरायचे थांबते. तेव्हा जोर लावून पेडल मारले की मागचा डिरेल्युअर (गिअर बदलणारा भाग) चिखलाच्या लगद्यासकट स्पोकमध्ये ओढला जातो आणि तो ज्यावर बसतो तो हॅंगर वाकतो किंवा तुटतो. चाक जड झाल्याचे कळताच उतरा. कडेच्या गवतावरून ढकला आणि काडीने फोर्कची फट, ब्रेकची जागा आणि डिरेल्युअरची चाके मोकळी करा. व्ही-ब्रेकवाल्यांनी ब्रेकची तार सोडून दोन्ही भुजा उघडून ठेवल्या तर ढकलणे तरी होते.

पावसानंतर मुरूम काही तासांत निथळतो. काळ्या मातीला सलग दोन-तीन दिवस ऊन लागते. रंग बघून ठरवा: तांबूस किंवा पिवळसर म्हणजे मुरूम, जा. काळपट आणि वर चकाकी, परत फिरा. आणि उन्हाळ्यात सगळीकडे कोरडे असताना मधेच ओला पट्टा लागला तर तो पाटाचा पाझर. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याची पाळी, सुरू आहे असे समजा.

उतारावर_ब्रेक

सुटी खडी अंथरलेल्या पण न दाबलेल्या तुकड्यांबद्दल: पुढचा ब्रेक वळणात दाबायचा नाही. वेग वळणाआधीच कमी करा, वजन मागे, कोपर सैल, नजर दहा-पंधरा मीटर पुढे. हँडल घट्ट धरले की पुढचे चाक प्रत्येक दगडाशी भांडते. खडी चाळीस मिलिमीटरची असेल तर चालत जा. तेवढ्या तुकड्यावर वाचलेली पाच मिनिटे मनगटापेक्षा मोठी नाहीत.

नाल्यावरच्या फरशी पुलांवर हिरवे शेवाळ असते. सरळ रेषेत, ब्रेक न लावता, पेडल न मारता पार करा.

पाटावरचा

आवर्तनाचा विषय निघालाच आहे तर कालव्यांकडे जाऊ या. नदीकाठ सोडायला तयार असाल तर सर्वांत सपाट आणि सलग वाट कालव्याची. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळच्या अंगाने आडगावकडे येतो. आणि नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यापासून गोदावरीचे दोन्ही कालवे पुढे कोपरगाव-राहात्याकडे जातात.

कालव्याच्या एकाच काठावर निरीक्षण रस्ता असतो, मुरूम टाकलेला, जीप जाईल इतका. दुसरा काठ मातीचा, अरुंद, झुडपांचा. सुरुवातीलाच चुकीच्या काठावर चढलात तर पुढच्या पुलापर्यंत काठ बदलता येत नाही. ओळख सोपी: किलोमीटरचे दगड ज्या काठावर, तो निरीक्षण रस्ता. तो दगड वाचत चला. काही झाले आणि कुणाला बोलवायचे तर "डावा कालवा, अमुक किलोमीटर" एवढे सांगितले की स्थानिक माणूस बरोबर येतो.

नाला ओलांडायला जिथे जलसेतू आहे तिथे रस्ता एकदम अरुंद होतो आणि कठडा असेलच असे नाही. उतरा. भरल्या कालव्यात बाटली पडली तर ती गेली. अस्तराचा उतार शेवाळलेला असतो, घसरलेला माणूस आधाराशिवाय वर येत नाही, आणि पुढे सायफन (पाणी खालून नेणारा बंद मार्ग) असेल तर पाणी आत ओढते. हे घाबरवायला नाही, नेमके यानेच माणसे जातात.

रस्ता जलसंपदा विभागाचा आहे, सार्वजनिक नाही. पाटकऱ्याला विचारून जा, फाटक जसे होते तसे लावा. धरणाच्या भिंतीवर विनापरवाना जायचे नाही.

कन्फ्यूज्ड_पंचवटी

गंगापूरचा कालवा म्हणजे वैजापूरकडे जातो तोच ना?

पाटावरचा

@कन्फ्यूज्ड_पंचवटी, नाही. गोंधळ होणारच, गंगापूर दोन आहेत. नाशिकजवळचे गंगापूर धरण गोदावरीवर, शहराच्या वरच्या अंगाला. वैजापूर आणि संभाजीनगर जिल्ह्यातल्या गंगापूर तालुक्याकडे जातो तो नांदूर मधमेश्वरचा जलदगती कालवा. नकाशात नुसते "गंगापूर कालवा" शोधाल तर शंभर किलोमीटर चुकाल.

लेणीवाचक

तिसऱ्या प्रश्नाला अजून कुणी हात घातला नाही, म्हणून थोडे सविस्तर. मूळ धागा खालच्या अंगाचा आहे, पण एक दिवस वरच्या अंगालाही द्या: रामकुंड, आनंदवल्ली, सोमेश्वर, गोवर्धन, गंगापूर. अंतर कमी आणि काळाचे थर जास्त.

आनंदवल्ली हे राघोबादादांचे ठिकाण. गावाचे नाव आनंदीबाईंवरून, नवश्या गणपती तिथलाच, नदीकाठी. पुढे गोवर्धन. आज ते छोटे गाव आहे, पण पांडवलेण्यांच्या शिलालेखांत "गोवर्धन" हे या सगळ्या प्रदेशाच्या कारभाराचे ठिकाण म्हणून येते. दहा क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने भिक्षूंसाठी तीन हजार कार्षापण (त्या काळची नाणी) कायमचे ठेवले. गोवर्धनातल्या विणकरांच्या एका श्रेणीकडे (व्यावसायिक संघाकडे) दोन हजार, दरमहा शेकडा एक व्याजाने, आणि दुसऱ्या श्रेणीकडे एक हजार, दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत द्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस. ते वीस भिक्षूंना चीवरासाठी (वस्त्रासाठी) प्रत्येकी बारा. हिशोब दगडावर आजही जुळतो.

गंगापूरच्या परिसरात गोदावरीच्या गाळथरांत अश्मयुगीन हत्यारे सापडली, ती पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी अभ्यासली. नाशिकच्या जुन्या मातीच्या गढीचे उत्खनन १९५०-५१चे. म्हणजे सोमेश्वरच्या खडकांवरून दिसते ती नदी माणसाने फार पूर्वीपासून वापरलेली आहे.

पांडवलेण्यांना सायकल पायथ्याशी ठेवायची, वर पायऱ्याच आहेत. मधमाश्यांची पोळी आहेत, उग्र वासाचे तेल किंवा परफ्युम लावून जाऊ नका. तीन क्रमांकाचे लेणे चुकवू नका: गौतमी बलश्रीचा लेख, सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला. आपल्या मुलाचे, गौतमीपुत्र सातकर्णीचे, वर्णन आईने करवून ठेवले आहे.

रविवारची_राइड

महिना एक टक्का म्हणजे वर्षाला बारा. बँकेत विचारून बघतो, विणकरांची श्रेणी कुठल्या काउंटरला बसते. :)

चांदोरीचा_घाट

@लेणीवाचक, खालच्या अंगालाही कमी नाही. चांदोरी हे हिंगण्यांचे गाव. दिल्ली दरबारात पेशव्यांची वकिली याच घराण्याने सांभाळली, वाडा गावात आहे. चांदोरीच्या नदीपात्रात जुनी मंदिरे आहेत, ती एरवी बंधाऱ्याच्या फुगवट्याच्या पाण्याखाली असतात. निफाड म्हणजे न्यायमूर्ती रानड्यांचे जन्मगाव, १८४२. आणि बंधाऱ्यापाशी मध्यमेश्वर आणि मृगव्याधेश्वर. मारीच राक्षसाच्या सोनेरी हरणाची कथा तिथे सांगतात.

तपोवनातून निघणाऱ्यांनी टाकळीचा मारुतीही धरावा, समर्थ रामदासांच्या वास्तव्याची जागा, नासर्डी-गोदावरीच्या संगमाजवळ.

उसाचा_पट्टा

निफाड तालुक्यातून जाणार असाल तर बिबट्या लक्षात ठेवूनच वेळ ठरवा. नदीकाठच्या उसात त्याचा कायम वावर आहे. अंधारात आणि संधिप्रकाशात या वाटांवर सायकल नको. हिवाळ्यात सकाळी सातच्या आधी शिवारात शिरायचे नाही आणि संध्याकाळी साडेपाचला डांबरावर यायचे.

ऊस दोन्ही बाजूंनी असेल तर बोलत किंवा घंटी वाजवत जा. पंक्चर झाले तर उसाच्या कडेला वाकून बसू नका. बसलेला माणूस त्याला लहान जनावर वाटतो. सायकल ढकलत मोकळ्या जागेत, वस्तीपाशी या आणि मग चाक काढा. समोर दिसलाच तर उभे राहा, सायकल मध्ये धरा, आवाज करा, पाठ न दाखवता मागे सरका. वेगाने पळ काढणे सर्वांत वाईट.

कुत्र्यांसाठीही जवळजवळ हेच. वस्तीवरची कुत्री चाकामागे धावतात. उतरून सायकल आड धरली की बहुतेकांचा रस संपतो. मेंढरांच्या वाड्याजवळची कुत्री मात्र वेगळी, तिथे लांबून हाक मारा आणि धनगर येईपर्यंत पुढे जाऊ नका.

वाऱ्याचा_हिशोब

जाताना उतार असतो हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण तो जाणवतच नाही. नदीबरोबर जाता म्हणजे खालीच जाता. परत येताना तोच चढ, आणि मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा समोरून. जाताना ताशी सोळाने गेलेला माणूस येताना अकरावर येतो आणि त्याला वाटते आपली तब्येत बिघडली. पाणी जाण्याइतके नव्हे, येण्याच्या हिशोबाने घ्या: उन्हाळ्यात तीन लिटर, हिवाळ्यात दोन, आणि ओआरएसची दोन पाकिटे.

दुतोंड्या

पावसाळ्याबद्दल एकच पण ठाम. जुलै ते सप्टेंबर हा मार्ग विसरा. रामकुंडावर दुतोंड्या मारुतीच्या पायाला पाणी लागले की नाशिककर पूर मोजायला लागतात. पण तेच पाणी काही तासांनी चांदोरी-सायखेड्यात शिरते, तिथे ऊन पडलेले असले तरी. चांदोरी आणि सायखेड्याच्या मधल्या पुलाला पानवेली अडकतात आणि पाणी वर चढते. गंगापूर आणि दारणातून विसर्ग सुरू असल्याची बातमी असेल तर आकाश निरभ्र असले तरी नदीकाठ नाही.

पूर ओसरल्यावर पाणंदींवर गाळाचा थर राहतो. वरून सुकलेला, आत ओला. ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबलात तर ट्रॅक्टरच तो दाबून देतात.

पाणथळ

नांदूर मधमेश्वर हे २०२०मध्ये महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाले, अभयारण्य १९८६पासून. तिथे सायकल हे वाहन आहे, खेळ नाही. अभयारण्याच्या हद्दीत जिथे वनविभाग थांबवेल तिथे थांबायचे, नोंद करून शुल्क भरायचे, आणि निरीक्षण मनोऱ्यांकडे चालत जायचे. चापडगावच्या बाजूने जाणाऱ्यांनी फ्रीहबचा आवाज लक्षात घ्या: पेडल थांबवले की मागच्या चाकाची जी टिकटिक होते ती शांत पाण्यावर फार लांब जाते आणि थवा उठतो. पाण्याजवळ आलात की उतरून ढकला.

भडक कपडे नकोत, स्पीकर तर नाहीच. डिसेंबर ते फेब्रुवारी स्थलांतरित पक्षी भरपूर, आणि तोच रस्त्याचाही उत्तम काळ.

चेनसाखळी

मुरमाची धूळ आणि ओले तेल मिळून घासकागद तयार होतो. या मार्गासाठी सुके वंगण किंवा मेण. रात्रीच लावा आणि सकाळी बाहेरचे पुसून टाका, साखळी हाताला कोरडी लागली पाहिजे. परत आल्यावर पाण्याचा जोरदार फवारा हबवर आणि बॉटम ब्रॅकेटवर (पेडलांच्या मधल्या धुऱ्यावर) मारू नका, धूळ सीलच्या आत जाते. आधी कोरडा ब्रश, मग ओले फडके.

साखळीची झीज दर पाचशे किलोमीटरला मोजा. अकरा-बारा स्पीडला ०.५ टक्क्यावर बदला, आठ ते दहा स्पीडला ०.७५वर. उशीर केला तर कॅसेटही (मागच्या दात्यांचा संच) बदलावी लागते. सोबत आपल्या स्पीडची एक जोडकडी ठेवा. दहा स्पीडची कडी अकराला चालत नाही.

डिस्क ब्रेकला धुळीत रेझिन पॅड लवकर झिजतात, धातूचे टिकतात, पण सगळ्या डिस्कना धातूचे पॅड चालत नाहीत. डिस्कवर "फक्त रेझिन" असे कोरलेले आहे का ते बघा.

एकलहरेकर

मूळ प्रश्नाकडे परत. सगळे वाचून आणि गावनकाशे समोर ठेवून बघता दारणेचा मुद्दा मान्य. उजव्या काठाने संगमाआधी नदी सोडावीच लागते. नाशिकरोडकरांसाठी दुरुस्ती सुचवतो: सुरुवात उजव्या काठाने, मग पुलावरून डाव्या काठाला, आणि ओढ्याच्या पुढे शिवारवाट यांचा मार्ग.

शिवारवाट

@एकलहरेकर, चांगले जुळते. मग असे करू:

तपोवन, नांदूर, मानूर, माडसांगवीच्या खालच्या अंगाने शिवरस्ते, ओढ्याजवळ रेल्वे, लाखलगावच्या शिवारातून चांदोरी. इथे हायवेच्या जवळ येणे टळत नाही, तेवढे डांबर सोसायचे. चांदोरी निम्म्याच्या थोडी पुढे आहे, पाणी आणि नाश्ता तिथेच. वाडा बघायला अर्धा तास. मग पूल ओलांडून सायखेडा, आणि पुढे चापडगावकडे. हायवेने चाळीसेक किलोमीटर होतात, वळणे धरून पन्नासच्या घरात. मुरमावर सरासरी ताशी तेरा-चौदा धरा, म्हणजे चाकावर साडेतीन-चार तास. सकाळी सातला तपोवन सोडले तर जेवणाआधी बंधारा. एका दिवसात दोन्ही बाजू करू नका. निफाडला मुक्काम किंवा टेम्पोत सायकली टाकून परत.

२०२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे नाशिकच्या बाजूचा नदीकाठ आणि त्र्यंबक रस्ता सध्या दर महिन्याला बदलतो आहे. शहराच्या हद्दीतला तुकडा निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या.

गावनकाशा

लाखलगाव आणि चांदोरीच्या मधला शिवरस्ता नकाशात दुबार रेषेने आहे, पण तो जागेवर मोकळा आहे का हे तिथल्या कुणी सांगितले तर बरे.

चांदोरीचा_घाट

@गावनकाशा, द्राक्षहंगामात, फेब्रुवारी ते एप्रिल, तिथे क्रेटच्या गाड्या उभ्या असतात. जाता येते, पण सकाळी दहाच्या आत. माल भरताना रस्ता अडतो आणि त्यांना तिथून हलता येत नाही. गाडीच्या मागच्या बाजूने ओरडून सांगा आणि मगच बाजूने काढा, भरलेला क्रेट उचललेल्या माणसाला मागचे दिसत नाही.

लेणीवाचक

@चांदोरीचा_घाट, पात्रातली मंदिरे कधी दिसतात? त्या हिशोबाने तारीख धरू.

चांदोरीचा_घाट

@लेणीवाचक, तारीख ठरलेली नसते. बंधाऱ्यातले पाणी खाली सोडून फुगवटा उतरला की दिसतात, बहुतेक उन्हाळ्यात. पाटाला आवर्तन सुटले की पाच-सहा दिवसांनी गावात फोन करून विचारा. दिसत असतील तर घाटावरूनच बघा. पात्रातला गाळ वरून पापडी धरलेला दिसतो आणि गुडघ्यापर्यंत आत जातो. सायकल घाटाच्या वरच्या पायरीला टेकवा, खाली उतरवू नका.